गरम बाजू, गार बाजू

माझ्या बायकोच्या तेराव्याला नाडकर्ण्यानं वरणाचं तापमान घेतलं.

खोटं नाही सांगत. पंगत कसली, आमच्याच बेसमेंटमध्ये घडीची टेबलं मांडलेली आणि कागदाच्या प्लेटी. मी पुढ्यातल्या भाताकडं बघत बसलो होतो. शेजारी बसलेल्या या माणसानं शर्टाच्या खिशातून आपलं ते पिस्तूल काढलं. पिस्तूल म्हणजे लांबूनच तापमान सांगणारं यंत्र. ते माझ्या वाटीवर धरलं, लाल ठिपका वरणावर पाडला आणि म्हणाला, "हे चालणार नाही. गार आहे." वाटी उचलून स्वतः जिना चढून स्वयंपाकघरात गेला, मायक्रोवेव्हमध्ये गरम करून आणली, परत ठिपका मारला आणि मग माझ्यापुढं ठेवली. सगळी माणसं घास हातात धरून बघत राहिली. मला त्या दिवशी रडू आलं नव्हतं. ती वाटी त्याच्या डोक्यात घालावी, एवढं मात्र मनात आलं होतं.

नाडकर्णी माझा शेजारी. एडमंटनमध्ये आमची घरं एका कुंपणाच्या दोन बाजूंना उभी आहेत. तो गिरगावातला, इंजिनियर, लग्न केलेलं नाही. सरकारी इमारतींचं हीटिंग बघण्यात त्याची हयात गेली. मी कराडकडचा. शाळा सातवीत सुटली. माझी बायको शालन नर्स होती, तिच्या नोकरीवर आम्ही या देशात आलो, आणि मी ब्रेडच्या कारखान्यात ओव्हनपुढं उभा राहिलो तो रिटायर होईपर्यंत. इथले जुने मराठी लोक डॉक्टर नाहीतर प्रोफेसर. दिवाळीच्या कार्यक्रमात नवा कुणी भेटला की विचारतो, आपण कशात होता? मी सांगतो, मैद्यात.

नाडकर्णी मात्र मला कधी असलं काही विचारायला आला नाही. तो पहिल्यांदा घरी आला तेव्हा नमस्कार करायच्या आधी त्यानं आमच्या खिडकीवर ठिपका मारला. मग दारावर, मग सोफ्यावर. म्हणाला, "जाधव, तुमच्या घराला गरम बाजू आहे, पण तुम्ही गार बाजूला बसता." मी शालनकडं बघितलं. शालन म्हणाली, "खरंच की. मी किती वर्षं सांगतेय, सोफा हलवा." त्या दिवसापासून दोघांचं जमलं. ती त्याला भावजी म्हणायला लागली आणि सोफा हलवायला मला लागला.

गरम बाजू आणि गार बाजू, या माणसाचं सगळं शास्त्र एवढ्यावर उभं आहे. कुठल्याही जिवाला राहायला दिलं तर एक बाजू गरम पाहिजे आणि एक गार. कधी कुठं बसायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. दुसऱ्यानं ठरवलं की तो जीव आजारी पडतो. हे त्याला इमारतींवरून कळलं की सापावरून, मला ठाऊक नाही. पण तो ते सगळ्याला लावतो. लग्नाला, सरकारला, देवळातल्या हॉलला. माझा पोरगा नितीन पलीकडच्या प्रांतात, सरे गावात असतो. शालन गेल्यापासून त्याचं फोनवर एकच, "डॅड, यू कान्ट लिव्ह अलोन, सेल द हाऊस." तिथं त्यानं माझ्यासाठी बेसमेंटमधली खोली तयार ठेवली आहे. नाडकर्ण्याला सांगितलं तर तो म्हणाला, फोटो मागवा. नितीननं फोटो पाठवला. नाडकर्ण्यानं फोन नाकाशी धरून बराच वेळ बघितला आणि परत दिला. "हीटिंगची जाळी कपाटाच्या मागं गेलीय. या खोलीला गरम बाजूच नाही." मी जाणार का, हे त्यानं विचारलं नाही.

आता सापाचं सांगतो.

नाडकर्ण्याच्या बेसमेंटमध्ये पूर्वी एक पोरगी भाड्यानं राहायची. पुण्याची, युनिव्हर्सिटीत शिकणारी. तिनं हा साप पाळलेला. अजगराच्या जातीचा, पण लहान. मनगटाएवढा जाड, तपकिरी, अंगावर पिवळट ठिगळं. विष नाही. घाबरला की डोकं मध्ये घेऊन चेंडूसारखा गोळा होतो. पोरीला दूर वॉटर्लू गावात नोकरी लागली, तिथल्या बिल्डिंगमध्ये साप चालत नव्हता. "अंकल, दोनच महिने," म्हणाली आणि गेली. पुढं तिचं लग्न झालं, मूल झालं. साप अजून नाडकर्ण्याकडंच आहे.

शालनला कळलं तेव्हा मला वाटलं, आता ही कुंपण ओलांडून जायची बंद. उलटच झालं. शालनला भाऊ नव्हता. आमच्याकडं नागपंचमीला बाया नागाला भाऊ मानतात, आदल्या दिवशी भावाचा उपवास करतात. कराडला ती भिंतीवरच्या चित्राची पूजा करायची, इथं आल्यावर कागदावर काढून करायची. आता शेजारीच खराखुरा भाऊ आला. ती दुधाची वाटी आणि लाह्या घेऊन गेली ती थेट टाकीचं झाकण उघडायला. नाडकर्णी आडवा आला. साप दूध पीत नाही, ओल वाढली तर त्याला छातीचा आजार होतो, हे त्यानं तिला अर्धा तास समजावलं. शालन नर्स, तिला सगळं माहीत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भावजी, तुम्हाला भाऊ-बहीण कुणी नाही, म्हणून असं बोलता." शेवटी तोड निघाली. वाटी टाकीच्या बाहेर ठेवायची, ओवाळायचं लांबून, आणि दूध मी प्यायचं. त्या दिवसापासून सापाचं नाव दादा पडलं. नाडकर्णी देव मानत नाही, पण त्यालाही ते नाव चिकटलं. आणि तो त्याला अहोजाहो करतो. "दादांनी कात टाकली." "दादा आज रागात आहेत."

दादाचं जेवण म्हणजे गोठवलेला उंदीर. नाडकर्ण्याच्या फ्रीजरमध्ये एका कप्प्यात उंदीर, एका कप्प्यात शालननं करून दिलेल्या पुरणपोळ्या. नाडकर्णी कुठं गेला तर दादाला जेवायला घालायला शालन जायची. लांब चिमटा घेऊन, सोमवार असेल तर आधी उंदराची माफी मागून. मी दारात उभा राहायचो. मला सापाची भीती वाटते. कधी लपवली नाही.

तेव्हा दादा राहायचा ती टाकी माशांची होती. शालननंच कुणाच्या तरी गॅरेज सेलमधून आणलेली, एका कोपऱ्याला तडा गेलेली. गेल्या वर्षी वसंतात शालन गेली. त्यानंतर नाडकर्ण्याच्या डोक्यात दादाच्या नव्या घराचं शिरलं. म्हणाला, काच चारही बाजूंनी गार पडते. विंटरमध्ये हीटिंगचा फर्नेस चालू झाला की घरातली हवा कोरडी होते आणि दादांची कात तुकड्या-तुकड्यानं निघते. शिवाय झाकण वर असलं की वरून हात येतो, आणि ज्याला घारीची भीती जन्मापासून आहे त्याला तो हात घारच वाटतो. दार पुढं पाहिजे. मला म्हणाला, "चला माझ्याबरोबर." मला कुठं जायचं नव्हतं. पण घरात बसून तरी काय करायचं होतं. गेलो.

इथल्या एलआरटी रेल्वेनं आणि त्याच्या गाडीनं आम्ही शहरातली सापाची दुकानं पालथी घातली. असली इतकी दुकानं असतात हे मला या वयात कळलं. नाडकर्णी प्रत्येक पेटीवर बोटाच्या पेरानं टकटक करायचा, कान लावायचा. काच, प्लायवूड, प्लॅस्टिकची जाड शीट. प्लायवूड ओलीनं फुगेल, म्हणून बाद. एक पेटी छान होती, पण कडी अशी की दादा नाकानं उघडेल. एका दुकानात तर तो सरळ फरशीवर आडवा झाला. पोटावर, हात अंगाशी धरून, खालच्या फळीवरच्या पेटीत डोकं घालून. काउंटरवरची पोरगी धावत आली, तिला वाटलं म्हातारा गेला. मी गडबडीत हिंदीत सांगितलं, ठीक है, मग इंग्रजीत सांगितलं, ही इज चेकिंग. तिनं विचारलं, चेकिंग व्हॉट? आतून नाडकर्ण्याचा मराठीत आवाज आला, "राहणाऱ्याच्या डोळ्यानं बघावं लागतं, जाधव. हिला सांगा." मी त्याच्या बुटाशी उभा राहिलो.

उन्हाळा त्यातच गेला. मधे एकदा, ऑगस्टमध्ये असेल, मी दुपारी त्याच्याकडं गेलो तर हा ओट्यापाशी उभा राहून काकडी गुडघ्यावर मोडत होता. फाटकन. अर्धी हातात, अर्धी फरशीवर. टोमॅटो बोटांनी फाडून ठेवलेला, शर्टावर बिया. मी समोसे आणले होते ते त्यानं हात न लावता बाजूला सरकवले. मी म्हटलं, सुरी कुठं गेली? म्हणाला, "आहे. आज नको." मला वाटलं, झालं, आता याचंही डोकं गेलं. शालन असती तर तिनं बघितलं असतं काय ते. मी समोसे घेऊन परत आलो आणि तेही खाल्ले नाहीत.

खाण्याचं खरं सांगायचं तर माझं बंदच पडलं होतं. कारखान्यात जन्म गेला, ब्रेड मला कधी आवडला नाही, पण घरात तोच खात होतो. उभ्यानं, पाकिटातून. नितीन फोनवर विचारायचा, डिड यू ईट? मी म्हणायचो, येस.

बर्फ पडायच्या सुमारास दादाचं घर आलं. चांगलं मोठं, माणूस आडवा पडेल एवढं लांब. काळ्या शीटचं, पुढं काचेची सरकती दारं. आतून एका टोकाला हीटिंगची तबकडी, दुसरं टोक गार. नाडकर्ण्यानं ते हॉलमध्ये ठेवलं. सोफा बाहेर गेला, दादाचं घर आत आलं. दोन दिवस नुसतं गरम करून ठिपके मारत बसला. मग दादाला उचलून आत ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. पोरीला सासरी पाठवताना बाप बघतो तसं.

दादा आत गेला आणि पाण्याच्या भांड्यामागं जाऊन गोळा होऊन बसला. बसला तो बसला.

उंदीर दाखवला, तोंड फिरवलं. आठवड्यानं दुसरा दाखवला. तोही वाया गेला. नाडकर्णी म्हणाला, नवं घर आहे, वेळ लागतो. नाताळ झाला. दादाची पाठ उतरायला लागली, मधली कण्याची रेघ दिसायला लागली. दुकानातल्या पोरीनं सांगितलं, घर मोठं आहे, मोकळं आहे, तो भितो. अंगाला घट्ट भिंत लागेल अशी लपायची जागा द्या. नाडकर्ण्यानं प्लॅस्टिकची गुहा आणली, लाकडाच्या सालीची आणली, बुटाचं खोकं कापून ठेवलं. दोन बाजूंना दोन. एवढ्या मोठ्या घरात दादा एकाही जागी जाईना. भांड्यामागंच.

मी रोज जायला लागलो. काही करायला नाही, बघायला. शालनचा भाऊ तो. तो असा मेला तर मी तिला काय सांगणार होतो, कुणास ठाऊक. पण मनात तेच यायचं.

जानेवारीत एकदा कडाक्याची थंडी पडली. श्वासाचा मिशीवर बर्फ होत होता. मी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून, पाय घसरू नये म्हणून मीठ टाकत होतो. नाडकर्णी कुंपणापलीकडं येऊन उभा राहिला. हातात पिस्तूल होतं, पण ते कशावर धरलं नव्हतं. नुसता माझ्या हातातल्या भांड्याकडं बघत होता. मी विचारलं, काय बघता? म्हणाला, "काही नाही. पाय जपून टाका," आणि आत गेला.

संध्याकाळी त्याच्याकडं बसलो होतो. दादा भांड्यामागं. मी म्हटलं, "जुन्या टाकीत कुठं बसायचा हो हा?"

"होतं एक."

"मग ते ठेवा की आत."

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ते माझ्याकडं नाही."

"मग कुणाकडं आहे?"

"तुमच्याकडं," तो म्हणाला.

मला काही समजेना. मग समजलं. शालननं एकदा कराडहून मातीचा लहान माठ आणला होता. विमानात सबंध वेळ मांडीवर धरून. मी म्हटलं होतं, इथं नळालाच बर्फासारखं पाणी येतं, माठ कशाला? पहिल्याच विंटरला तो गॅरेजमध्ये राहिला आणि त्याची मान फुटली. फेकायचा नाही म्हणून तिनं तो कुठंतरी नेऊन ठेवला होता. कुठं ते मी कधी विचारलं नाही; दादाच्या टाकीत, ते आता कळलं. दादाचं नवं घर आलं त्या सुमारास नाडकर्णी तो धुऊन-पुसून घेऊन आला आणि म्हणाला, वहिनींचा आहे, तुमच्याकडं असू द्या. मी बरं म्हटलं. आडवा ठेवला तर फुटक्या तोंडातून साप आत जाईल, उभा ठेवला तर मीठ राहील. मी उभा ठेवला होता.

"मग मागायचा नाही का, भल्या माणसा?"

"वहिनींची वस्तू. मला वाटलं, तुम्ही देवाजवळ ठेवाल."

"मी त्यात मीठ भरलं."

"बघत होतो," नाडकर्णी म्हणाला.

कोट न घालता मी गॅरेजमध्ये गेलो आणि माठ ओतून घेऊन आलो. आत हात घातला तर माती गुळगुळीत लागली, सापाच्या अंगानं घासून घासून झालेली. नाडकर्ण्यानं बाह्या वर केल्या. माठ गरम पाण्यात बुडवला, पाणी फेकलं, परत बुडवला. मीठ दादाच्या कातडीला वाईट. किती धुतलं म्हणजे गेलं हे सांगणारं यंत्र त्याच्याकडं नव्हतं. म्हणून हा सरकारी इंजिनियर माठाला जिभेचं टोक लावायचा, सिंकमध्ये थुंकायचा आणि म्हणायचा, "अजून आहे." परत बुडवायचा. चार वेळा झाल्यावर मी म्हटलं, आणा इकडं, आणि मीही चाटून बघितलं. दोन म्हातारे एका फुटक्या माठाला आळीपाळीनं चाटतायत. शालननं बघितलं असतं तर तिला ओट्याला धरून उभं राहावं लागलं असतं.

ते मनात आलं आणि मी बोलून गेलो, "गेल्या पंचमीला तिच्या भावाचं कुणी काही केलं नाही."

नाडकर्ण्यानं नळ बंद केला. "केलं," म्हणाला. "म्हणजे, आदल्या दिवशी उपवास धरला. पुरता झाला नाही. दुपारी चहाबरोबर सवयीनं बिस्किट खाल्लं गेलं. मग दुसऱ्या दिवशी म्हटलं, निदान चिरायचं नाही, तळलेलं खायचं नाही, एवढं तरी नीट पाळू."

मला काकडी आठवली. गुडघ्यावरची. आणि मी पुढं केलेले समोसे.

"तुम्ही तर देव मानत नाही," मी म्हटलं.

"मी नाही मानत." तो माठ पुसत होता. आतून, बोटाला फडकं गुंडाळून. "पण बहिणीचा उपवास असा एकदम कसा बंद करायचा? त्यांना काय सांगणार?" आणि त्यानं हॉलकडं मान केली, दादा होता तिकडं.

मी खुर्ची ओढून बसलो. त्यानं माठ ओव्हनमध्ये सुकवला, बाहेर काढून गार होऊ दिला, मग ठिपका मारला, परत थांबला. दादाच्या घराचं दार सरकवून माठ गरम बाजूला आडवा ठेवला. आम्ही दिवा बंद करून स्वयंपाकघरात जाऊन बसलो, कारण दुकानातल्या पोरीनं सांगितलं होतं, बघत बसू नका. नाडकर्ण्याला ते जमत नव्हतं. तो दर थोड्या वेळानं दाराच्या फटीतून डोकं घालायचा. मी म्हटलं, "राहणाऱ्याला राहू द्या की." तो येऊन बसला. पुढच्या खेपेला गेला तो परत आला नाही, म्हणून मीही गेलो. भांड्यामागं कुणी नव्हतं. माठाच्या तोंडातून शेपटीचं टोक तेवढं बाहेर होतं, आणि बघता बघता तेही आत गेलं.

नाडकर्ण्यानं नाक पुसलं आणि म्हणाला, हवा फार कोरडी आहे.

उंदीर लगेच द्यायचा नसतो. आठवडा जाऊ दिला. त्या आठवड्यात नितीनचा फोन आला, मी म्हटलं उन्हाळ्यात बघू. मग एका दुपारी मी ओट्याशी उभा राहून ब्रेडचं पाकीट उघडत होतो, तेवढ्यात फोन वाजला.

"जाधव. दादा जेवले."

"बरं झालं," मी म्हटलं. फोनमध्ये त्याच्या फर्नेसचा आवाज येत होता.

मग म्हणाला, "आणि तुम्ही?"

मी हातातल्या पाकिटाकडं बघितलं.

"या," नाडकर्णी म्हणाला. "वरण लावलंय."

बूट घातले, कुंपणाला वळसा घालून गेलो. सोफा नव्हता, म्हणून त्यानं खुर्ची दादाच्या घराच्या गरम टोकाशी मांडून ठेवली होती. माठात दादा गोळा होऊन पडलेला, पोट जाड दिसत होतं. नाडकर्ण्यानं ताट आणलं, वाटी ठेवली, खिशातून पिस्तूल काढलं आणि लाल ठिपका वरणावर पाडला.

तो आकडा सांगेपर्यंत मी घास उचलला नाही.